डी ड्राइव्हची मोजणी

माझी आई शाळेत बाई होती आणि घरी उखाण्यांची डॉक्टर. लग्न ठरलेली मुलगी, तिची आई आणि सोबतीला एखादी मावशी असा ताफा आमच्या भोरच्या घरी यायचा. आई नवऱ्यामुलाचं नाव, त्याची नोकरी आणि सासूचा स्वभाव एवढं विचारून घ्यायची आणि चहा होईस्तोवर उखाणा तयार असायचा. सासूचा स्वभाव कशाला लागतो, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "उखाणा नवऱ्याचा असला तरी ऐकायचा सासूने असतो."

आधी काही वर्षं ती वेल्ह्याच्या शाळेत होती. तिथल्या बायकांकडून ऐकलेले उखाणेही तिने वहीत उतरवून ठेवले होते. त्या वर्षी तिच्या मनात आलं की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटण्यापेक्षा उखाण्यांची छापील पुस्तिका द्यावी. घरात नुकताच कॉम्प्युटर आला होता. तो खरं तर माझ्यासाठी होता. मी रोज एस्टीने पुण्याला जाऊन कॉम्प्युटरच्या पदवीचं दुसरं वर्ष करत होते. पण सहा महिने तो आईनेच वापरला. शाळेतून आली की दोन बोटांनी टकटक करत ती उखाणे टाइप करायची आणि प्रत्येक उखाण्यानंतर मला हाक मारून ते "आत गेलं का" विचारायची. ते जायचं डी ड्राइव्हमध्ये, 'उखाणे' नावाच्या फोल्डरात.

कॉम्प्युटरवर हक्क सांगणारं तिसरं माणूस म्हणजे शेजारचे चाचा. ते मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. उभा जन्म भोर-वेल्ह्याच्या डोंगरात साखळी ओढत लोकांच्या शेताच्या हद्दी ठरवण्यात गेलेला. पांढरी टोपी, खिशात डायरी, कानावर शिसपेन्सिल. रोज दुपारी चारला ते चपला बाहेर काढून विचारायचे, "मशीन मोकळं हाय का?" आणि विंडोजमधला पत्त्यांचा डाव मांडून बसायचे. डाव नाही सुटला तर, "यात एक पत्ता कमी हाय, मी मोजलेत," म्हणायचे.

डिसेंबरात आमच्या प्रॅक्टिकलच्या सरांनी सांगितलं, पुढच्या सत्रात सगळं लिनक्सवर, तेव्हा ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी टाकून घ्या. विंडोज काढायची गरज नाही, दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. 'नांदतात' हा शब्द त्यांचाच. मी तीन सीड्या घेऊन घरी आले.

पहिल्याच प्रयत्नात लिनक्सने जागा नाही म्हणून सांगितलं. डिस्क वीस जीबीची. तिचे दोन भाग, सी आणि डी, आणि दोन्ही विंडोजच्या नावावर. डी निम्मा रिकामा होता, पण रिकामा असला तरी तो डीचाच. तो लहान करून शेवटाकडची जागा मोकळी करायला हवी होती, आणि त्याआधी डीमध्ये इकडेतिकडे विखुरलेल्या फायली एका बाजूला आणायला हव्या होत्या. विंडोजमध्ये त्याचा प्रोग्राम होता. तो सुरू केला की पडद्यावर हजारो रंगीत चौकोन दिसायचे आणि एकेक चौकोन उचलून पुढे जाऊन बसायचा.

चाचा चारला आले आणि खुर्चीच्या मागेच उभे राहिले.

"हे काय करतंय?"

"विखुरलेले तुकडे एकत्र करतंय, चाचा."

"एकत्रीकरण!" ते एकदम खुर्ची ओढून बसले. "सरकारची स्कीम आली व्हती तवा वेल्ह्यात आमी हेच केलं. ह्याचा तुकडा तिकडं, त्याचा हिकडं. लोकं कोयते घेऊन आली अंगावर." मग पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हितं कोण तक्रार करंना बग."

तक्रार वीज मंडळाने केली, म्हणजे वीज गेली. तो प्रोग्राम पहिल्यापासून सुरू करावा लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीज गेली. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, एकदाचं ते पूर्ण झालं. तीन दिवसांत चाचांनी पत्त्यांचं नावही काढलं नाही. आईसुद्धा पोळ्या लाटता लाटता येऊन चौकोन बघून जायची.

शनिवारी दुपारी मी डी लहान केला. तेही नीट झालं. आता डीच्या मागे मोकळी जागा होती आणि फक्त त्या मोकळ्या जागेत लिनक्सचा भाग तयार करायचा होता. पडद्यावर ओळी होत्या: सी, डी, मोकळी जागा. प्रत्येक ओळीत कुठून सुरू आणि कुठे संपतं, त्याचे आकडे. चाचा शेजारी बसून होते. मी मोकळ्या जागेत एक भाग केला, तो चुकीच्या मापाचा झाला. तो काढायला बाण त्याच्या ओळीवर नेला आणि आई देवघरातून ओरडली, "दूध बघ गं, मी देवापाशी आहे!"

मी धावले. दूध वर आलं होतं, थोडं सांडलंच. गॅस पुसून परत आले. मी नसताना पडद्यावर एक इंग्रजी पाटी आली होती आणि चाचांनी ती घालवायला म्हणून एक बाणाचं बटण दाबलं होतं, त्यामुळे निवड एक ओळ वर, डीवर सरकली होती, हे मला नंतर कळलं. मी ओळ न वाचताच पुढे गेले. तो चुकीचा भाग काढून टाकायचा म्हणून 'डिलीट' दाबलं. खात्री आहे का, असं विचारलं. हो म्हटलं. डिस्कवर लिहू का, विचारलं. हो म्हटलं.

मग पडद्यावर नीट बघितलं. सी होता. त्याखाली भली मोठी मोकळी जागा होती. माझा चुकीचा भाग त्यातच आरामात बसलेला होता. डी नव्हता.

मी तो चुकीचा भागही काढला आणि मशीन सरळ बंद करून चालू केलं. विंडोज आलं, हसतखेळत. सी होता. डी नव्हता.

"झालं का लिनक्स?" चाचांनी विचारलं.

"झालं... म्हणजे होतंय."

"मग पत्ते लावू?"

पत्ते सीमध्ये होते. चाचा समाधानाने डाव खेळत बसले आणि मी त्यांच्या मागे उभी राहून घामाने भिजले. आईच्या उखाण्यांची फ्लॉपी होती, पण ती दिवाळीच्या आधीची. तिच्यात पहिले साठएक उखाणे. बाकी सगळे डीबरोबर गेले, आणि वही तर टाइप झाल्यावर आईने रद्दीत घातली होती.

रविवारी सकाळी आई न्हाऊन, फ्लॉपी हातात घेऊन उभी राहिली. छापखान्यात उद्या मजकूर द्यायचा होता. "चल, यात भरून दे सगळे."

मी म्हटलं, मशीन जरा तापलंय. तिने पाठीवर हात ठेवून बघितलं, मशीनच्या. गार होतं. तेवढ्यात चाचा आले. आईने त्यांनाच विचारलं, "चाचा, काय झालंय मशीनला?"

चाचांना खोटं बोलता येत नसे, पण माझा चेहरा बघून त्यांनी प्रयत्न केला. "बाई, मोजणी चालू हाय. हद्दी लागल्या की देतो."

"कसली हद्द? माझे उखाणे कुठायत?"

मी सांगून टाकलं. आई खाटेवर बसली. शाळेत पोरं तिच्या ओरडण्याला घाबरत नसत, ती गप्प बसली की घाबरत. मीही तिची विद्यार्थिनी होते, त्यामुळे मला रडू आलं.

पाच मिनिटांनी ती उठली, कपाटातून एक कोरी फुलस्केप वही काढली आणि पदर खोचून बाहेर पडली. अर्ध्या तासात आमच्या बाहेरच्या खोलीत आळीतल्या नऊ-दहा बायका मांडी घालून बसल्या होत्या. ज्यांना ज्यांना आईने उखाणे करून दिले होते, त्यांनी ते परत सांगायचे, असा बेत.

मी स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर पळाले. सरांनी घरचा नंबर दिलेला होता. मी रडत रडत सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "नंतर तिथे फॉरमॅट केलंस का?"

"नाही सर."

"मग डीमधलं सगळं जागेवर आहे. तू फक्त पाटी पुसलीस. पहिले होते तेच आकडे टाकून तो भाग परत तयार कर. सुरुवात तीच, शेवट तोच. फॉरमॅट म्हटलं की नाही म्हण. आकडे लिहून ठेवलेस ना?"

"नाही सर."

सर म्हणाले, "बघ आठवतात का," आणि त्यांच्याकडे कुणी पाहुणे आले असावेत, कारण फोन ठेवला गेला.

घरी आले तर बाहेरच्या खोलीत भांडण चालू होतं. आई वाचून दाखवत होती, "सांजवात लावली देवापाशी निवांत, अमुकरावांचं नाव घेते, स्वभाव त्यांचा शांत." ज्या काकूंसाठी हा केला होता, त्याच म्हणत होत्या, "बाई, तेव्हा मला माहीत नव्हता त्यांचा स्वभाव. हा काढा आणि दुसरा लिहा." दुसरा त्यांनी स्वतःच रचला होता: "किकवीच्या फाट्यावर एस्टी थांबते एकदा, अमुकराव चहा मागतात दिवसातून दहादा!" बायका हसून लोळत होत्या. आई लिहावं की नाही अशा विचारात पेन धरून बसली होती.

मी आतल्या खोलीत गेले. चाचा खुर्चीत बसले होते. पत्ते लावले नव्हते. मी सर काय म्हणाले ते सांगितलं.

"म्हंजी नोंद पुसली, जमीन हाय तितंच हाय," ते म्हणाले.

"हो. पण आकडे कुठून आणू? सुरुवात कळेल, सी जिथे संपतो त्याच्या पुढे. शेवट आठवत नाही."

चाचांनी खिशातून डायरी काढली. "ते मी लिवलंय."

मी डायरी त्यांच्या हातातून ओढूनच घेतली.

"काल तू ते वळीवळीनं दावत व्हतीस, तवा लिवलं. आता कुठून कुठवर म्हनून आकडा दिसला की मला लिवल्याबिगर राहवत न्हाई. सवय हाय पोरी. बायको म्हनती, औषधाच्या बाटलीवरची तारीख बी लिवतो मी."

डायरीच्या पानावर शिसपेन्सिलीने तीन ओळी होत्या. डीची ओळ मी वाचली. सुरुवात ७८५. शेवट १८, मग एक आकडा, मग ६. तो मधला आकडा चाचांनी घाईत काढला होता. मराठी एक म्हणाल तर एक, इंग्रजी नऊ म्हणाल तर नऊ.

"चाचा, हा एक आहे का नऊ?"

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "येकच असंल."

"तुम्ही नऊ मराठीत लिहिता का इंग्रजीत?"

"कवा मराठी, कवा इंग्रजी. साहेब कोन व्हता त्यावर."

मला पुन्हा रडू यायला लागलं. चाचा मात्र शांत. त्यांनी पेन्सिलीने त्याच ओळीतला तिसरा आकडा दाखवला. "हे बग. नुसतं दोन आकडे लिवणारा मोजणीदार न्हवं. तिसरा क्षेत्राचा. पडताळ्याला." तो अकराशे बारा होता. आम्ही डायरीच्या मागच्या पानावर, दोन्ही टोकं धरून, मांडून बघितलं. शेवट अठराशे सोळा धरला तर एक हजार बत्तीस येत होते. अठराशे शहाण्णव धरला तर बरोबर अकराशे बारा. म्हणजे तो नऊ. इंग्रजी. चाचा म्हणाले, "काल दूध उतू गेलं तवा लिवला आसंल."

लिनक्सची सीडी घालून आकडे टाइप करायचा काळा पडदा उघडला. चाचा आकडे मोठ्याने सांगत होते आणि मी टाइप करत होते, जशी शेतात एकाने साखळी धरावी आणि दुसऱ्याने पुकारावं. सात-आठ-पाच. एक-आठ-नऊ-सहा. लिहू का? हो. मशीन चालू केलं. विंडोज आलं.

डी नव्हता.

"आकडे तर बरोबर हाईत," चाचा म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज पडला. पुन्हा काळा पडदा उघडला. नवा भाग दिसत होता, आकड्याला आकडा जुळत होता. चाचांनी पेन्सिल पडद्यावर टेकवली आणि प्रत्येक रकाना विचारायला सुरुवात केली. हे काय? सुरुवात. हे? शेवट. हे? साइज. हे शेवटचं?

"हा प्रकार. कुठल्या प्रकारचा भाग आहे ते."

"मग हितं काय लिवलंय?"

"लिनक्स."

चाचांनी पेन्सिल कानावर ठेवली. "आगं, मग विंडोज कसं घेईल त्याला? क्षेत्र बरोबर, हद्द बरोबर, आनि जिरायतीला बागायत लावलीस तर तलाठी सही करंल का?"

खरंच तसं होतं. मी नवा भाग केला की लिनक्स तो स्वतःच्याच प्रकारचा धरायचं, आणि बदलायचा असतो हे मला सरांनी शिकवलंही होतं, एका तासाला, ज्या दिवशी माझी एस्टी कापूरहोळला बंद पडली होती. यादीतून विंडोजचा प्रकार शोधला, लावला, लिहू का, हो.

मशीन सुरू होत असतानाच बाहेरच्या खोलीतला गलका थांबला. चाची आल्या होत्या. चाचांना शोधायला आल्या असतील, पण बायकांनी त्यांना बसवून घेतलं आणि उखाणा घ्यायचा आग्रह केला. चाची म्हणाल्या, "आमच्यात कुठं असतंय?" बायका म्हणाल्या, असू दे नसू दे, घ्या. खूप आढेवेढे झाले. मग चाचींचा बारीक आवाज आला.

"भाटघरच्या धरणाचं पाणी सुटलं खाली," एवढं म्हणून त्या थांबल्या. मग चाचांचं नाव घेतलं, पुढे 'साहेब' लावून, आणि म्हणाल्या, "यांचं नाव घ्यायला आज चाळीस वर्सं झाली."

बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आतल्या खोलीत चाचा खुर्चीत ताठ बसले होते. कान लाल झाले होते. मी पडद्याकडे बघितलं. सी होता. त्याच्या शेजारी डी होता. उघडला. 'उखाणे' फोल्डर होतं. त्यातल्या शेवटच्या फाइलवर टिचकी मारली, ती उघडली.

"चाचा! आलं!"

"आं?" ते म्हणाले. "काय आलं?" त्यांचं लक्षच नव्हतं.

मी बाहेर धावले आणि सगळ्यांना सांगितलं. मला वाटलं, आई उठून मला जवळ घेईल. तिने पेन वर करून "थांब" अशी खूण केली. चाचींचा उखाणा लिहून पूर्ण व्हायचा होता.

सोमवारी छापखान्यात जुने उखाणे गेलेच नाहीत. आईने शाळेत रजा टाकली आणि दोन दिवस बसून रविवारचे सगळे उखाणे टाइप केले, दहादा चहाचा उखाणाही धरून. जुन्यातले निम्मे तिने स्वतःच काढून टाकले. "हे सगळे सारखेच शांत आहेत," म्हणाली. या वेळी प्रत्येक उखाण्यानंतर ती मला हाक मारत नव्हती. फ्लॉपी घालून कॉपी कशी करायची ते शिकवून घेतलं आणि तीन फ्लॉप्या केल्या. एक छापखान्याला, एक कपाटात, आणि एक चाचांकडे ठेवायला.

लिनक्स मी पुढच्या रविवारी टाकलं. दूध आधीच तापवून ठेवलं होतं आणि आईला देवापाशी बसायला मनाई होती. मशीन चालू केल्यावर आता विचारायचं, लिनक्स की विंडोज. चाचांना मी लिनक्समधले पत्ते उघडून दिले. दोन डाव खेळून ते म्हणाले, "ह्यात पत्ते पुरे हाईत," आणि तेव्हापासून तिकडेच रमले. लिनक्सचे त्या घरातले पहिले आणि बराच काळ एकमेव वापरणारे तेच. माझ्याकडून त्यात ना आवाज चालू होत होता, ना प्रिंटर. चाचांना दोन्ही नको होतं.

संक्रांतीला पुस्तिका वाटल्या. पंचवीस उरल्या, त्या घेऊन आई आणि मी वेल्ह्याला गेलो, बाजाराच्या दिवशी. ज्यांच्याकडून तिने कधीकाळी उखाणे ऐकले होते, त्यांना द्यायच्या होत्या. एस्टी स्टँडजवळ वांगी घेऊन बसलेल्या एका मावशींना आईने ओळखलं. पुस्तिका हातात दिली, त्यांचं पान काढून दिलं, वाचूनही दाखवलं.

मावशी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "ह्यो माझा न्हाई."

"तुमचाच आहे मावशी, तुम्हीच सांगितला होता."

"सांगिटला आसंल. तवा नवी व्हते. आता माझा येगळा हाय." आणि समोर गिऱ्हाईक उभं असताना, वांगी तोलता तोलता त्यांनी म्हटलं, "तोरण्यावर ढग आला, यष्टी आली पाठी, आमचं राव चाललं पुढं मोकळं, माझ्या डोक्यावर पाटी!" 'आमचं राव' म्हणताना त्यांनी नावही घेतलं, आणि बाजूला तंबाखू मळत बसलेला नवरा नुसता हसला.

आई पिशवीत पेन शोधायला लागली. पेन होतं, कागद नव्हता. पुस्तिकेवर लिहायला तिचं मन होईना. माझ्या पिशवीत प्रॅक्टिकलची जर्नल होती, येताना एस्टीत पुरी करायची म्हणून घेतलेली. लिनक्स बसवण्याच्या प्रयोगाचं पान अर्धं रिकामं होतं. तिथेच लिहिला.

पुढच्या आठवड्यात सरांनी जर्नल तपासली. ते पान उघडून थांबले. "हे काय आहे?"

"उखाणा आहे, सर."

त्यांनी तो मनातल्या मनात वाचला, परत एकदा वाचला, आणि खाली सही केली.